डोंगर वरून पिकतो

आमच्याकडे डोंगर वरून पिकत येतो. घाटरस्त्याने नुसतं जाता-येता शेतं पाहणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही. नदीकाठची खाचरं अजून हिरवीगार, पायाखाली पाणी घेऊन उभी असतात आणि त्याच दिवसांत वर उतारावर, जिथे माती वीतभर आणि खाली कातळ, तिथल्या चिंचोळ्या पट्ट्या पिवळ्या पडू लागतात. वरचं पाणी आधी ओसरतं म्हणून वर हळवं भात लावतात. ते लवकर होतं. मधल्या टप्प्यावर निमगरवं. खाली नदीपाशी गरवं, दिवाळी झाल्यावर सवडीने कापायचं.

मागल्या पंधरवड्यात शाळेच्या ओट्यावर उभा होतो. वर पाहिलं तर पहिली पिवळी पट्टी दिसली. सोळा वर्षं झाली, पण ती पट्टी दिसली की हातातलं काम थांबतं. त्या वर्षीच्या सुगीत माझ्या पाटीवरच्या एका चुकीने एका बाईचा जीव गेला. मी कुणाला मारलं नाही. मी फक्त एक काम चुकीच्या रकान्यात लिहिलं.

मी मूळचा भोरचा, पेठेत वाढलेला. भात म्हणजे ताटात पडतो तो, एवढंच मला ठाऊक. संस्थानच्या काळात हिर्डोशीच्या पलीकडच्या या गावात मास्तर म्हणून आलो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार कामसू समजत होतो. कामसू होतोही. सकाळी उठल्यापासून हात रिकामा नसे. एक काम अर्धं टाकून दुसऱ्यामागे धावायचो, कारण दुसरं हाक मारत यायचं. ज्याची हाक मोठी त्याचं काम आधी. दिवस मावळताना अंग दुखायचं, आणि अंग दुखलं म्हणजे काम झालं अशी माझी समजूत होती.

मी राहायचो तानूमावशींच्या पडवीत. पन्नाशीच्या विधवा बाई, अंगाने काटक, सकाळी मिश्री लावत उंबऱ्यावर बसल्या की अर्ध्या गावाचं काम तिथूनच हलवायच्या. या भागात सुगीला इर्जिक घालतात. सगळ्यांनी मिळून आज याचं शेत काढायचं, उद्या त्याचं. कुणाचं आधी, हे ठरवायचा मान मावशींचा होता. त्या कुणाच्या कोणी लागत नव्हत्या म्हणून असेल, किंवा त्यांचा अंदाज कधी चुकला नव्हता म्हणून असेल.

माझ्या पहिल्याच सुगीत पाटलांचा गडी निरोप घेऊन आला. पाटलांचं म्हणणं असं की नदीकाठचं त्यांचं खाचर गावात सगळ्यात मोठं, तेव्हा सुरुवात तिथून व्हावी. मला ते रास्त वाटलं. मोठं काम आधी उरकावं, मग बारीकसारीक. मावशींनी तोंडातलं बोट काढलं आणि म्हणाल्या, “पाटलाचं भात पाटलावानीच हाय. आट दिस हालवलं तरी उटायचं न्हाई. ऱ्हाऊं द्या निजल्यालं.” विळे परजत बसलेल्या बाया पदराआड हसल्या. गडीही हसला, पण हा निरोप परत कसा सांगायचा या काळजीने लगेच गप्प झाला.

त्या दिवशी सगळी इर्जिक वर चढली. सखू नावाच्या एका गरीब बाईची पट्टी होती, चार टोपल्या भात निघेल एवढी. एवढ्याशा तुकड्यासाठी वीस माणसं दोन कोस चढवायची, हा हिशेब मला पटेना. मी मावशींना तसं विचारलं. त्यांनी एक लोंबी खुडली आणि माझ्या तळहातावर हलकेच झटकली. दाणे आपोआप गळून पडले.

“मास्तर, काम ल्हान का मोटं, ते न्हाई बगायचं,” त्या म्हणाल्या. “आज हात न्हाई लावला तर काय गळतंय, ते बगायचं.”

आणि मग माझ्या हातातल्या विळ्याकडे पाहून त्यांनी एवढंच जोडलं की मास्तरांचा विळा पाटीवरच बरा चालतो, इथे बोटं जातील.

मावशींच्या घरात चुलीच्या वर एका खुंटीला तीन लोंब्या टांगलेल्या असत. एक हळव्याची, एक निमगरव्याची, एक गरव्याची. सकाळी चहाचं आधण चढलं की मावशी त्या लोंब्यांकडे पाहत दिवसाची कामं वाटून टाकत. शेळी व्यायला झाली आहे, ते हळवं. पावट्याला पाणी, निमगरवं. भिंतीला पोतेरं, गरवं. एवढंच. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईची ही रीत मी उचलली. शाळेतल्या एका जुन्या पाटीवर खिळ्याने दोन उभ्या रेघा ओढल्या आणि तीन रकाने केले. रोज सकाळी तोंड धुतलं की पहिल्यांदा पाटी भरायची. हळव्यात तीनपेक्षा जास्त कामं घ्यायची नाहीत, आणि त्यांतलं पहिलं हातावेगळं झाल्याशिवाय दुसऱ्या रकान्याकडे पाहायचं नाही.

माझा दिवस बदलला हे खरं. हजेरीपट वेळेवर भरला जाऊ लागला, कौलं पावसाच्या आधी चाळली गेली, आईला भोरला महिन्याचं पत्र न चुकता गेलं. मी त्या पाटीवर फार खूश होतो. खरं सांगायचं तर मी त्या पाटीवर नव्हे, माझ्यावर खूश होतो. ज्याला त्याला तिची महती सांगायचो. पोस्ट घेऊन येणाऱ्या धावप्यालासुद्धा मी तीन रकाने समजावले होते. तो म्हणाला, त्याच्या पिशवीत सगळीच कामं हळवी असतात.

दुसऱ्या वर्षीची सुगी. आश्विन अर्धा सरला होता. भोरहून कागद आला, तपासनीस साहेब बुधवारी शाळा पाहायला येणार. गावात एकच धांदल उडाली. पाटील दिवसातून दोनदा येऊन भिंतींकडे पाहून जायचे. चुना, तोरणं, मुलांच्या टोप्या, संस्थानचा नकाशा, स्वागताचं पद्य, साहेबांच्या जेवणाचं पान. रविवारी सकाळी मी पाटी घेतली आणि पहिल्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘तपासणी’. त्याच्याखाली त्याच तपासणीची आणखी दोन कामं. रकाना भरला.

त्या दिवसांत डोंगरात हिवताप असतोच. भोरच्या दवाखान्यातून गावोगावच्या मास्तरांकडे कोयनेलच्या गोळ्यांचा डबा द्यायचे. कडू जहर गोळ्या, घेतल्या की कान वाजतात, म्हणून लोक चोरून टाकून देत. त्यामुळे सूचना अशी होती की शक्यतो आजाऱ्याला पाहून, आपल्या देखत गोळी द्यावी.

त्या रविवारी सकाळी वरच्या धनगरवाड्यावरून लखू आला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, उंच, खांद्यावर घोंगडं. वर पठारावर त्याचा एकट्याचा गवताने शाकारलेला झाप, शेळ्या आणि दोन म्हशी. त्याची बायको जनाई चार दिवस थंडीतापाने पडली होती. त्याने ते एकदाच सांगितलं आणि ओट्याच्या कडेला बसला. मी चुन्याच्या घमेल्यात हात घालून उभा होतो. त्याला म्हटलं, गोळी देखत द्यायची असते, मला वर यावं लागेल, आणि बुधवारपर्यंत मला मान वर करायला सवड नाही.

तो बराच वेळ बसून राहिला. आत पाटलांचा आवाज चढला होता, तोरण वाकडं बांधलंय म्हणून. मी आत-बाहेर करत होतो. दर वेळी लखू तिथेच दिसायचा, आणि दर वेळी मला त्याचा थोडा राग यायचा. दुपार कलल्यावर तो उठला.

“बरं मास्तर,” तो म्हणाला, “तुमच्या सवडीनं.”

मी पाटी घेतली आणि मधल्या रकान्यात लिहिलं, ‘लखूची बायको, गुरुवार’. लिहिलं म्हणून मन शांत झालं. ही या पाटीची मोठी खोड आहे. काम लिहिलं की ते अर्धं झाल्यासारखं वाटतं.

आता जे सांगतो ते सोळा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. आदल्याच दिवशी, शनिवारी, पाटलांच्या सुनेला थोडी तापाची कसर आली होती. पाटलांचा गडी आला आणि मी त्याच्या हाती गोळ्यांची पुडी बांधून दिली. सुनेला पाहिलं नाही, देखत गोळी दिली नाही. सूचना मला शनिवारी आठवली नाही. रविवारी आठवली. लखूच्या हातात चार गोळ्या ठेवायला मला डबा उघडण्याएवढाच वेळ लागला असता. पण मग कधी आणि किती वेळा द्यायची ते त्याला नीट समजवावं लागलं असतं, आणि माझे हात चुन्याने भरलेले होते. मी नियमाच्या आड उभा राहिलो. नियमाची सावली बरी असते, तिथे ऊन लागत नाही.

बुधवारी साहेब आले. माणूस भला होता. त्यांनी पद्य ऐकलं, नकाशा पाहिला, जेवले, आणि शेरेबुकात लिहिलं, ‘मास्तर नेटके. कामाची आखणी चांगली.’ त्या शेऱ्याचा मजकूर मला अजून पाठ आहे. पाठ करावा लागला नाही.

गुरुवारी पहाटे डबा घेऊन निघालो. चढण दोन तासांची. दव होतं, दोन्ही बाजूंना हळव्या भाताची कापलेली धसकटं, त्यांचा तो गोडसर ओला वास. हा वास दर वर्षी येतो. लोकांना तो वास आला की नव्या तांदळाची आठवण येते. वर पोचलो तेव्हा लखू करडांना दोरीतून सोडत होता. जनाई आदल्या दिवशी दुपारी गेली होती. साधारण साहेबांची पंगत बसली होती त्या सुमाराला, असा हिशेब मी नंतर मनात जुळवला, आणि तो जुळला नसता तर बरं झालं असतं.

लखूने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “चढून आलात. ताक घ्या, मास्तर.”

मी ते ताक प्यालो. नाही कसं म्हणणार होतो? झापात गोणपाटावर त्यांची तीन वर्षांची मुलगी गोदी पडली होती. हात लावला तर चटका बसला. गोळी फोडली, गुळात मळली, तिला चाटवली. तिने थुंकून टाकली. पुन्हा मळली, पुन्हा चाटवली.

खाली आलो तेव्हा मावशी उंबऱ्यावर होत्या. बातमी माझ्याआधी पोचली होती. त्यांनी ओरडावं अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी फक्त विचारलं, जनाईला कुठल्या रकान्यात घातलं होतं. मी म्हटलं, मधल्या. तपासणीची तारीख पक्की होती ना, म्हणून ती आधी घेतली.

“तारीक मानसानं घातल्याली असती,” मावशी म्हणाल्या. “दाना कुनाच्या तारखंनं गळत न्हाई, मास्तर.”

त्यानंतर त्या माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. भाकरी मात्र वेळेवर पुढ्यात येत होती.

ते आठ दिवस मी रोज चांदणी मावळायच्या आधी निघून वर जायचो आणि शाळेच्या घंटेला खाली असायचो. पाय सुजले. गोदी सहाव्या दिवशी उठून बसली आणि तिने माझं गूळ लागलेलं बोट कडकडून चावलं. बाकीच्या वाड्यांवर आणखी किती जण तापात आहेत हे त्या आठवड्यात समजलं. ते कुणीच खाली आले नव्हते. ज्यांच्या घरी माणूस पडलेलं असतं त्यांना खाली यायला माणूसच नसतं, ही एवढी साधी गोष्ट मला तोवर सुचली नव्हती. मला वाटायचं, निकड असेल तो हाक मारील.

डोंगर वरून पिकतो आणि आवाज मात्र खालून येतो. माझी सगळी चूक या एका वाक्यात मावते, पण वाक्य सुचायला वर्षं लागली.

पाटी मी टाकून दिली नाही. फोडून टाकावी असं वाटलं होतं, पण ते सोपं झालं असतं. मावशींच्या रीतीत खोट नव्हती. खोट मांडणाऱ्याच्या हातात होती, आणि तो हात काही फोडता येत नाही. मी रीत अजून कडक केली. रोज सकाळी पाटी भरण्याआधी दोन प्रश्न विचारतो. आज हात लावला नाही तर काय गळेल? आणि कोण ओरडत नाहीये? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून त्यासाठी थांबतो, चहा निवला तरी चालेल. श्रावण संपला की कोयनेलचा डबा पहिल्या रकान्यात जातो आणि मी कुणी बोलावण्याची वाट न पाहता वाड्या फिरायला लागतो. बढती आली तेव्हा भोरची शाळा मिळत होती, ती नको म्हटलं. तोवर माझं लग्न झालं होतं, पत्नीला त्याचं फार वाईट वाटलं. तरीही ती या डोंगरात राहिली. एकदा तिची दाढ महिनाभर ठणकत होती आणि मी आपला वाड्या फिरतोय. एका सकाळी पाहिलं तर पाटीच्या पहिल्या रकान्यात तिच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘दाढ. माझी.’ त्याच दिवशी तिला भोरला नेलं. कोण ओरडत नाहीये, हे शोधायला दर वेळी डोंगर चढावा लागतोच असं नाही.

इतकं करून एक काम मात्र सोळा वर्षं तिसऱ्या रकान्यात पडून राहिलं. ‘लखूला सांगणे’. शनिवारची पुडी, रविवारचा नियम. दर सुगीत लिहायचो. गरव्यात लिहायचो. वर गेलो की त्याच्याकडे ताक प्यायचो, गोदीची चौकशी करायचो, आणि डबा काखेत मारून उतरायचो. म्हणायचो, याला काय घाई आहे, हे गळून थोडंच जाणार आहे.

गेल्या आठवड्यात गोदी भेटली. ती आता एकोणीस वर्षांची आहे, वेल्ह्याकडे दिलेली. माहेरी आली होती, कडेवर मूल. म्हणाली, “बाबाला नीट दिसत न्हाई आता. दिवाळी झाली की त्याला माझ्याकडं नेते. वाडा मोडायचाय, शेळ्या इकल्या बी.” मी बरं म्हटलं आणि घरी आलो. रात्रभर विशेष काही झालं नाही, झोपही लागली. सकाळी पाटी घेतली आणि आधी दिवाळीपर्यंतचे दिवस मोजले.

पाटीच्या पहिल्या रकान्यात लिहायला या आठवड्यात पुष्कळ होतं. संस्थान गेलं, भिंतीवरची तसबीर बदलली, पण तपासणी काही बदललेली नाही. याच बुधवारी नवे साहेब यायचे आहेत. चुना भिजलेला आहे. दुय्यम मास्तर धास्तावलेले आहेत. मी पहिल्या रकान्यात एकच ओळ लिहिली, ‘लखूला सांगणे’, आणि उरलेला रकाना मोकळा ठेवला. दुय्यम मास्तरांना म्हटलं, रविवार आहे, चुना तुम्ही लावून घ्या, डाग पडले तर पडू द्या. त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं.

पंचेचाळिसाव्या वर्षी तीच चढण अडीच तासांची झाली आहे. वाटेत सखूच्या पट्टीवर तिची सून कापणीला लागली होती. तानूमावशी जाऊन सहा वर्षं झाली, पण इर्जिक अजून वरूनच सुरू होते.

लखू झापाच्या दाराशी वाखाचा दोर वळत बसला होता. माझ्या पावलांवरून त्याने मला ओळखलं. ताक नव्हतं, म्हशी गेल्या होत्या. मी उभ्यानेच सांगायला लागलो, कारण बसलो असतो तर पुन्हा गोदीची चौकशी करून उतरलो असतो. शनिवारची पुडी सांगितली. सुनेला न पाहता दिली ते सांगितलं. रविवारी तू बसला होतास तेव्हा मला तुझा राग येत होता, तेही सांगितलं. माझा आवाज मला चढणीने लागलेल्या धापेसारखा वाटत होता.

त्याचे हात दोर वळतच होते.

“ठावं हाय,” तो म्हणाला. “त्या दिशी उतरून जाताना पाटलाच्या वसरीला पानी मागाया थांबलो व्हतो. दिवळीत गोळ्यांची पुडी व्हती. शाळंच्या वहीच्या कागदात बांधल्याली.”

सोळा वर्षं त्याला माहीत होतं. त्याने दिलेलं प्रत्येक भांडं ताक मला एकदम आठवलं. मी विचारलं, मग बोलला का नाहीस?

“वाघरानं शेळी नेली म्हंजी मानसानं काय करायचं, वाघरामागं पळायचं?” तो म्हणाला. “मागं करडू ऱ्हायल्यालं असतंय. ते आदी झापात घ्यायचं. गोदी तापली व्हती, अन तुमी गोळी घिऊन रोज चढत व्हता. तवा भांडलो असतो तर तुमी खाली मान घालून गेला असता, अन फिरून आला नसता. म्हनलं, आदी पोरगी उटू दे.”

या माणसाला मी तीन रकाने कधी समजावले नव्हते. त्याच्याकडे पाटी नव्हती, लोंब्यांची खुंटीही नव्हती. बायकोला पुरून आलेल्या माणसाने त्या सकाळी आपली कामं लावली होती, आणि बिनचूक लावली होती. पहिल्या कामात मी होतो, म्हणून मला ताक मिळालं होतं.

“आणि पोरगी उठल्यावर?” मी विचारलं.

“तुमी येतच ऱ्हायलात की. दर साली. मंग न्हाई गावली सवड.”

तो थोडासा हसला असावा. मला धीर आला, आणि त्या धीरात मी विचारू नये ते विचारलं. म्हटलं, राग गेला असेल ना आता.

“न्हाई,” लखू म्हणाला. घरात मीठ आहे का विचारल्यावर नाही म्हणतात, तितक्या सरळ. “राग हाये.”

खाली शाळेचं कौलारू छप्पर दिसत होतं, तिथे आता चुन्याचा पहिला हात चालला असेल. आणखी खाली नदीकाठचं गरवं भात हिरवं उभं होतं. मी निघताना समजत होतो की आज एकच काम आहे आणि सांगून टाकलं की ते संपेल. ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं त्याच्याकडे सोळा वर्षं उभं होतं, आणि दिवाळीनंतर तो इथे नसणार होता.

“मग आज बोला, लखूदा,” मी म्हटलं. “मला आज दुसरं काम नाही.”

त्याने दोर बाजूला ठेवला. चाचपडत आत गेला, घोंगडं आणलं, दारापुढच्या सपाट जागेवर झटकून अंथरलं, आणि हाताने थापटून मला बसायची जागा दाखवली.